एक्केचाळिसाव्या पानावरचं शीत

“या वेळेस ईमेलच करून टाक, बेबी. टपालाले लय टाइम लागते.”

शेवटच्या भेटीत माझे मामा माझ्याशी तासभर बोलले असतील, पण त्यातलं हे एवढंच मला शब्दशः आठवतं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर, पाठीशी दोन उशा घेऊन ते बसले होते. मामी खाली बसून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती. मी कॉलेजातून परस्पर आले होते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाहेर गाडीत होते आणि माझं निम्मं डोकं त्या गठ्ठ्यांतच होतं. “करते ना मामा, परीक्षा आटोपल्या की करते,” असं मी म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. ज्या माणसाने ईमेलवरून माझ्याशी तीन वर्षं वाद घातला त्याने आपणहून ईमेलचं नाव काढलं, यात काही वेगळं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. वेळ कोणाकडे कमी होता, हे मी विचारलं नाही...

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी नवा रायपूरच्या आमच्या कॉलेजात मी परीक्षेच्या हॉलवर होते. मोबाइल स्टाफरूमच्या कपाटात ठेवलेला. दुपारी काढून पाहिला तर मामीचे सहा मिस्ड कॉल. मामी फोन करते ती एकदाच, आणि मी उचलला नाही तर रागावून बसते, त्यामुळे सहा हा आकडा पाहिल्याबरोबर मी समजले. “तुये मामा गेले वं बेबी,” ती म्हणाली. “चाय मागतला, अन् मी आणेपर्यंत...” तिथून शहरात येणारे रस्ते रुंद आणि मोकळे आहेत. मी रडत गाडी चालवली आणि मला कोणी हॉर्नसुद्धा दिला नाही.

या पुरवणीच्या वाचकांना दिगंबरमामांचं नाव माहीत असायचं कारण नाही. ते लेखक होते, पण त्यांची एक ओळही कुठे छापून आली नाही. सरकारच्या सिंचन खात्यात ते ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड किंवा कागद ठेवून तो शाईने हुबेहूब उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. कालवे, धरणाच्या भिंती, गावांच्या सीमा, सगळं मामांच्या हातून गेलेलं. आम्ही तेव्हा पुरानी बस्तीत राहत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला सायकलच्या दांडीवर बसवून ऑफिसात न्यायचे. तिथे नकाशांच्या प्रती काढायच्या यंत्रामुळे अमोनियाचा वास इतका असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. उतरत्या टेबलावर वाकून मामा रेघ मारायचे तेव्हा श्वास धरायचे, आणि त्यांच्या बाजूला उभी राहून मीही धरायचे. रेघ संपली की आम्ही दोघं एकदम सुस्कारा सोडायचो आणि बाकीचे बाबू हसायचे. रेघ चुकली तर मामा खोडरबर वापरत नसत. दाढीच्या ब्लेडचं पातं आडवं धरून ते वाळलेली शाई अलगद खरवडायचे, मग अंगठ्याच्या नखाने ती जागा घासून गुळगुळीत करायचे. बोट फिरवलं तरी कळू नये, इतकी. वाया गेलेलं ट्रेसिंगचं कापड ते घरी आणायचे, मामी ते कढत पाण्यात उकळून त्यावरची खळ काढायची आणि खालून मलमलीसारखं मऊ कापड निघायचं. माझ्या लहानपणचे सगळे रुमाल त्या कापडाचे होते. एका रुमालाच्या कोपऱ्यात कुठल्याशा नाल्याची निळसर रेघ शेवटपर्यंत राहिली होती.

कादंबरी त्यांनी नोकरीत असतानाच सुरू केली आणि निवृत्तीनंतर पुरी केली. नाव ‘नकाशातलं पाणी’. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेलं एक गाव, नकाशात जिथे निळी रेघ पोचते पण पाणी पोचत नाही, आणि ती रेघ मारणारा एक ट्रेसर. तीनशे बारा कागद, एका बाजूने लिहिलेले, काळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. घरात आम्ही जसं बोलतो तशीच मराठी, नागपुरातली म्हणावी तर मध्येच छत्तीसगढी डोकावणारी. लिहून झालं तेव्हा त्यांनी ऑफिसचा नियम पाळला. मूळ नकाशा कधी ऑफिसाबाहेर जात नाही, बाहेर जाते ती प्रत. मूळ हस्तलिखित लाल कापडात बांधून कपाटात गेलं आणि चार झेरॉक्स प्रती निघाल्या. तीन प्रकाशकांसाठी. चौथी त्यांनी माझ्या हातात दिली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण ती दिल्याशिवाय मामांबद्दल मी काही खरं लिहू शकणार नाही. ती प्रत मी वाचली नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, आमच्या नात्यागोत्यात पुस्तकांतलं कळणारी म्हणून मीच, आणि म्हणूनच त्यांनी ती मला दिली होती. मी बावीस पानं वाचली. मग मुलीचा टायफॉइड, सासूबाईंचा मोतीबिंदू, पेपर, ॲडमिशन... आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही. आपल्या मामाने लिहिलेलं आपण काय वाचायचं, असं मनात कुठेतरी होतं. दोन महिन्यांनी त्यांनी विचारलं तेव्हा मी गठ्ठा परत नेऊन दिला. “वाचलं मामा. खूप छान आहे. भाषा तर फारच छान.” ते माझ्याकडे पाहत राहिले, म्हणाले, “लवकर वाचलं,” आणि मामीला चहा टाकायला सांगितलं. मामीने चहाबरोबर अनरसेही दिले. अशा खोट्याचं एक असतं, ते पहिल्या दिवशी जड वाटतं आणि नंतर अंगवळणी पडतं.

प्रकाशकांकडे प्रती टपालाने जायच्या. मामा त्याचं पार्सल बांधायचे ते पाहण्यासारखं असायचं. आधी जाड कागद, मग कापड, मग शिवण, आणि वर नकाशावरच्या अक्षरांत पत्ता. आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, परतीची तिकिटं लावलेलं दुसरं पाकीट. सहा-सात महिन्यांनी स्वतःच्याच अक्षरातलं पाकीट घरी यायचं. पोस्टमन ते मामीच्या हाती द्यायचा आणि मामी ते टेबलावर ठेवायची. परत आलेल्या प्रतीचं पहिलं आणि शेवटचं पान मळलेलं असायचं. मामा मुळावरून तेवढ्या दोन पानांच्या नव्या झेरॉक्स काढायचे आणि गठ्ठा पुन्हा कोराकरकरीत दिसायला लागायचा. “नवरदेवाले समजू नये का पोरगी आधी तिघायनं पाहिली,” असं म्हणून ते हसायचे. एका ठिकाणाहून तर पार्सल परत आलंच नाही. त्याचंही त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही, निदान आम्हांला तसं दाखवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मला कुठूनसं कळलं की दिल्लीत एक लिटररी एजंट आहे, भारतीय भाषांतली पुस्तकं घेते, त्यांची भाषांतरं करवून मोठ्या प्रकाशकांपर्यंत पोचवते. मराठी वाचणारी एक बाईही त्यांच्याकडे आहे. मी उत्साहाने मामांकडे गेले. एजंट म्हणजे काय हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे लग्न जमवणारी बाई.” त्यापेक्षा चांगली व्याख्या मला आजतागायत सुचलेली नाही. तिच्या नियमांत लिहिलं होतं की परिचयपत्र, कथेचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं ईमेलने पाठवा, किंवा टपालाने पाठवायचं असेल तर परतीच्या पाकिटासह पूर्ण हस्तलिखितही चालेल. या एका ‘किंवा’ने आमच्या घरात आठ दिवस कलह माजवला.

“मामा, ईमेल एका मिनिटात जाते. फुकटात. गहाळ होत नाही. ते लोक दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसून राहतात, पार्सल कोण फोडत बसते?” मी म्हणाले.

“लग्नात बायोडाटा ईमेलनं जाते, हव. पण पोरगी पाहाले घरीच यावं लागते ना?”

“जमाना बदलला मामा.”

“बदलू दे. मले एक सांग बेबी, ईमेल वाचला का नाही, हे आपल्याले कसं समजते?”

मी म्हणाले, नाही समजत. आणि टपालाने तरी कुठे समजतं? त्यावर ते उठले. स्वयंपाकघरात गेले आणि मामीकडून तर्जनीच्या टोकावर भाताचं एक शीत घेऊन आले. कपाटातून एक प्रत काढली, एक्केचाळिसावा कागद उलटला, त्याच्या मागच्या कडेला ते शीत ठेवलं, बेचाळिसावा त्यावर बसवला आणि अंगठ्याने दाबला. “वाळलं का चिकटते. वाचणाऱ्यानं पान उलटलं का सुटते. परत आलं का मी पह्यले हेच पाहतो.” एक्केचाळीसच काहून, असं मी विचारलं तर म्हणाले, “चाळीस पानं त कोणीही चाळते. एक्केचाळीस उलटलं म्हंजे माणूस वाचून राहिला.” किती जणांनी उलटलं आजवर? “कोणीच नाही,” ते म्हणाले, जसं पाऊस किती पडला ते सांगावं तसं. “तूच सांग आता. ईमेलात मी शीत कुठं लावू?”

मला हसू आलं, आणि हसता हसता माझी बावीस पानं आठवली. मी शक्य तितक्या सहज विचारलं, “माझ्या प्रतीतही लावलं होतं का हो मामा?”

ते प्रतीची फीत बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “येडी का तू? घरच्या माणसाले कोणी शीत लावते का?”

केवढं हायसं वाटलं होतं मला! आता ते आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.

शेवटी तडजोड झाली. दोन्ही करायचं. मामा पूर्ण गठ्ठा टपालाने पाठवतील आणि मी ईमेल. माझी मुलगी, जिला मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीतच येतं, “हो जाएगा नानाजी, फोन से ही स्कैन कर देती हूँ” म्हणाली आणि तिने तीन प्रकरणांचे फोटो काढून फाईल बनवून दिली. परिचयपत्र मी इंग्रजीत लिहिलं. उरला सारांश. आणि सारांश लिहायचा तर कादंबरीत काय घडतं ते ठाऊक असावं लागतं. मी युक्ती केली. म्हणाले, “मामा, तुम्हीच सांगत जा, तुमच्या शब्दांत. मी इंग्रजीत करत जाते. लेखकाच्या तोंडून आलेलं बरं.” मामा खुर्चीत बसून सांगत गेले, मी लॅपटॉपवर टाइप करत गेले. ट्रेसर त्या गावी जातो, पाटलाच्या घरी उतरतो, तिथल्या विधवा सुनेला आपण मारलेली निळी रेघ दाखवतो... ते इतकं सुंदर सांगत होते की मी स्वतःला विसरले. बोटं थांबवून विचारून बसले, “मग? शेवटी काय होतं?”

ज्याने पुस्तक वाचलंय तो हा प्रश्न विचारत नाही. मामांनी चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मग त्यांनी शेवट सांगितला, अगदी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगावा तसा सावकाश, मध्ये थांबत. मी मान खाली घालून टाइप केला. त्यांना कळलं असेल का, हा विचार मी रस्ताभर केला आणि घरी पोचेपर्यंत स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाच्या एवढं लक्षात येत नसतं.

ईमेल गेला आणि मिनिटभरात उत्तर आलं. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. “एवढ्या लवकर?” मी उत्तर वाचून दाखवलं. आपला ईमेल मिळाला, आभारी आहोत, रस असल्यासच संपर्क साधू. हे मशीन आपोआप पाठवतं, हे मला सांगावं लागलं. “म्हंजे कोणी पाह्यलंच नाही,” म्हणत ते पुन्हा बसले. त्यानंतर त्या पत्त्यावरून काहीही आलं नाही. पहिले काही दिवस मामा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, मग दर रविवारी, मग विचारेनासे झाले. टपालाची वाट बघताना मात्र त्यांचा जीव असा खालीवर होत नसे. ते म्हणायचे, टपालाचं कसं, एकदा पेटीत पडलं की सहा महिने माणूस सुखात असतो. रोज सकाळी उठल्यावर वाटतं, आज तिथं कोणीतरी पार्सल उघडून राहिलं असेल. मला तेव्हा हे हट्टी म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं होतं.

सातव्या महिन्यात पार्सल परत आलं. मामीचा मला फोन, “ये लवकर, तुये मामा येड्यासारखे करून राहिले.” मी घाबरून गेले तर मामा दारातच उभे. हातात गठ्ठा, एक्केचाळिसावं पान उघडलेलं, आणि त्याच्या कडेला सुटून अर्धवट राहिलेलं ते शीत. “पाह्य! सुटलं!” सोबत मराठी वाचणाऱ्या बाईंचं हाताने लिहिलेलं छोटं पत्र होतं. पुस्तक मनापासून वाचलं, पण या भाषेचं भाषांतर कसं करावं ते आम्हांला सुचत नाही, म्हणून नाइलाजाने परत पाठवते आहे. चांगल्या शब्दांतला नकारच तो. मला त्यांच्यासाठी वाईट वाटायला लागलं तर ते मलाच समजावू लागले. “अवं, नाही म्हणाली, पण वाचून म्हणाली ना!” मग त्यांनी मला एकशे सत्याऐंशीवं पान दाखवलं. त्यावर चहाचा डाग होता. “इथं तिनं चाय सांडला. एकशे सत्याऐंशीवर! म्हंजे तिथवर आलीच ना ती?” त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन जिलेबी आणली, वरच्या मजल्यावरच्यांना दिली, पोस्टमनला थांबवून दिली. लोकांना वाटलं, पुस्तक निघालं. मामांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. एवढ्या आनंदात मी त्यांना त्यापूर्वी पाहिलं होतं ते फक्त माझ्या लग्नात.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, “पाहा मामा, मी म्हणत होते ना एजंटकडे पाठवा म्हणून.” ती अनोळखी बाई चहा पिता पिता एकशे सत्याऐंशी पानांपर्यंत गेली, आणि मी, त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून वाढलेली, बावीस पानांत थकले... हे मला तेव्हा बोलता आलं असतं. ते खुशीत होते, त्या दिवशी त्यांनी काहीही माफ केलं असतं. पण जिलेबी खाऊन मी घरी आले.

त्यानंतर एका मुंबईच्या एजंटचं नाव मीच काढलं होतं. तिथेही दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, टपालाने हस्तलिखित किंवा ईमेलने टाइप केलेली पूर्ण फाईल. मामा अर्थातच टपाल म्हणाले. मग त्यांच्या छातीचं दुखणं निघालं, पार्सल शिवायचं राहून गेलं, आणि मग त्या दुपारी ते म्हणाले, या वेळेस ईमेलच कर. सात महिन्यांचा हिशेब त्यांनी मांडून पाहिला होता, आणि तो बसत नव्हता.

दिवसवार झाल्यावर मामीने मला बोलावलं. “कपडे मी देऊन टाकले. कागदाले हात लावला नाही. ते तुहं काम आहे.” कपाटात लाल कापडातलं मूळ हस्तलिखित होतं आणि उरलेल्या तीन प्रती, लाल फितीने बांधलेल्या. प्रत्येक प्रतीच्या फितीखाली खोचलेल्या पुठ्ठ्यावर मामांनी पेन्सिलीने, नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीसारख्या सुबक अक्षरांत नोंदी केल्या होत्या. पहिल्या प्रतीवर: पुणे, उघडलं नाही. मुंबई, उघडलं नाही. नागपूर, उघडलं नाही. मी एक्केचाळिसावं पान पाहिलं. बेचाळिसाव्याला घट्ट चिकटलेलं, आणि मध्ये काचेसारखं झालेलं पिवळसर शीत. परत आल्यावर मामांनीही ते सोडवलं नव्हतं, होतं तसं राहू दिलं होतं. दुसऱ्या प्रतीवर: दिल्ली, वाचलं. पान १८७, चहा.

तिसरी प्रत माझी. पुठ्ठ्यावर एकच नोंद होती. ‘बेबी, वाचलं.’

मी भीतभीत एक्केचाळिसावं पान काढलं. ते सहज सुटं झालं. मध्ये शीत नव्हतं. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला, की मामा खरं बोलले होते, घरच्या माणसाला त्यांनी शीत लावलं नव्हतं. मग मी ते पान उचलून खिडकीशी नेलं. कडेला, शिताएवढ्या जागेत, कागद किंचित पातळ झाला होता आणि उजेडात वेगळा दिसत होता. समोरच्या पानावरही बरोबर त्याच जागी तसंच. बोट फिरवून पाहिलं तर काही लागलं नाही, अगदी गुळगुळीत. ते ब्लेडचं पातं आणि तो अंगठा मी लहानपणापासून ओळखते... शीत लावलेलं होतं. मी प्रत परत दिली तेव्हा ते जसंच्या तसं होतं, कारण मी तिथवर गेलेच नव्हते. मामांनी ते पाहिलं, आणि कधीतरी, बहुधा माझ्या प्रतीतही शीत होतं का असं मी विचारलं त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, बसून अलगद खरवडून काढलं. बाकी कोणाचं नाही, फक्त माझं. मी उद्या ही प्रत उघडली तर मला लाज वाटू नये म्हणून. आणि मग ज्या माणसाने उभ्या नोकरीत नसलेल्या नाल्याची रेघ कधी मारली नाही, त्याने पेन्सिलीला टोक करून माझ्या नावापुढे ‘वाचलं’ असं लिहिलं.

मी तिथेच, कपाटाच्या उघड्या दाराशी, खाली बसून खूप रडले. मामी येऊन पाहून परत गेली.

आता मी ती प्रत घरी आणली आहे. मुंबईच्या एजंटला पूर्ण फाईल हवी आहे, टाइप केलेली, आणि मामांनी ईमेल करायला सांगितलं आहे. टायपिंग करून देणारे रायपुरात कमी नाहीत, पण मी कोणाला दिलेलं नाही. एका मिनिटात जाते म्हणून मी ज्याचं कौतुक सांगत होते, त्या ईमेलसाठी मला तीनशे बारा पानांतला एकेक शब्द वाचावा लागतो आहे. रोज कॉलेजातून आल्यावर चार-पाच पानं होतात. जेवणाच्या टेबलावर डावीकडे गठ्ठा, उजवीकडे लॅपटॉप, आणि गठ्ठ्यावर ओळीखाली धरायला मामांची स्टीलची पट्टी. लांब वाक्य आलं की संपेपर्यंत मी श्वास धरते, असं माझ्या मुलीने परवा मला सांगितलं.

काल संध्याकाळी मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही. म्हणाले, “मामी, मी तेव्हा वाचलं नव्हतं.”

पलीकडे तिच्या कुकरची शिटी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“हव, मालूम आहे मले,” ती म्हणाली. “शीत त मीच देत होती ना त्यायले.” आणि मग, “आता कितव्या पानावर आहेस?”

“एक्केचाळीस,” मी सांगितलं, आणि पान उलटलं.